कानातला मळ काढायला जाताय? घरची तयारी, तिथे काय होतं आणि लोक नेमके कुठे चुकतात

मी कोकणातल्या एका तालुक्याच्या गावात कान-नाक-घशाच्या ओपीडीत नर्स म्हणून काम करते. कानात मळ साठलेला पेशंट आला नाही असा एकही दिवस जात नाही. काम तसं पाच-दहा मिनिटांचं, पण त्यासाठी लोकांना तीन-तीन चकरा पडतात, कारण घरीच सगळा क्रम उलटा झालेला असतो. आधी कोरतात, मग गरम तेल ओततात, मग कान ठणकायला लागला की आमच्याकडे येतात, आणि तोवर आतली कातडी सुजलेली, मळ दगडासारखा घट्ट आणि पेशंट हात लावू देत नाही. मग डॉक्टर थेंब लिहून देतात आणि पाच दिवसांनी या म्हणतात, तेव्हा हमखास ऐकायला मिळतं की "एवढ्या लांबून एसटीने आलो आणि काढलाच नाही." म्हणून सगळं ओळीने लिहिते, ह्याच क्रमाने करा.

१. मळ खरंच काढायचा आहे का, ते आधी ठरवा

कानाची नळी मोठ्या माणसात साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते आणि मळ तयार होतो तो फक्त बाहेरच्या एक तृतीयांश भागात. आतली कातडी हळूहळू बाहेरच्या दिशेला सरकत असते, आपण चावतो-बोलतो तेव्हा जबडा हलतो त्याचीही मदत होते आणि मळ आपोआप बाहेर येऊन गळून पडतो. म्हणजे पडद्याला चिकटून मळाचा गोळा बसला असेल तर बहुतेक वेळा तो कोणीतरी आत ढकललेला असतो. बड्सने, काडीने, पिनेने, गाडीच्या चावीनेसुद्धा, हे सगळं मी पाहिलंय. बड्सच्या कापसाला थोडा मळ लागून येतो तो बघून समाधान वाटतं, पण त्याच्या दुप्पट आत गेलेला असतो.

त्रास नसेल तर मळ काढू नका. थोडा मळ असायलाच हवा, तो कातडी ओलसर ठेवतो आणि पाणी-धूळ आत जाऊ देत नाही. "वर्षातून एकदा कान साफ करून घ्यावा" असा काही नियम नाही.

काढायची गरज केव्हा: कानाला दडे बसलेत, कमी ऐकू येतंय, अंघोळीनंतर एकदम कान बंद झाला (मळ पाणी पिऊन फुगतो म्हणून), आत गुणगुण आवाज येतो, जडपणा आहे, किंवा उगाच कोरडा खोकला येतो. खोकल्याचं लोकांना पटत नाही, पण कानाच्या नळीत एक नस आहे जिचा संबंध थेट घशाशी-छातीशी जातो, तिला धक्का लागला की खोकला येतो. आणखी दोन गटांना त्रास नसला तरी तपासून घ्यावं लागतं. एक म्हणजे श्रवणयंत्र लावणारे. दुसरे म्हणजे ज्यांना स्वतःचं दुखणं नीट सांगता येत नाही असे अगदी म्हातारे लोक किंवा गतिमंद मुलं.

२. थेंब वगैरे काही न करता सरळ डॉक्टरांकडे कधी जायचं

हा टप्पा कोणीच पाळत नाही आणि सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं. कान बंद म्हणजे मळच, असं धरून चालतात. आमच्याकडे एक शिक्षक आले होते, सकाळी उठले तर एका कानाने ऐकूच येईना, त्यांनी मेडिकलमधून थेंब आणले आणि दहा दिवस टाकत बसले. तपासलं तर कान आतून स्वच्छ, पडदा चकचकीत दिसत होता. त्यांची ऐकण्याची नस गेली होती. अचानक नस कमजोर होऊन ऐकू कमी येणं ही इमर्जन्सी असते, स्टिरॉइडचा उपचार जितक्या लवकर सुरू होईल तितका उपयोग होतो, आणि पहिल्या दोन आठवड्यांनंतर तो फारच कमी होत जातो. त्यांचे दहा दिवस थेंबांत गेले ते आजही माझ्या मनातून जात नाही.

घरी करायची तपासणी: एकच कान बंद असेल तर ओठ मिटून लांब "हम्म्म" असा आवाज काढा. मळाने किंवा सर्दीने बंद झालेल्या कानात तो आवाज जास्त घुमतो. उलट चांगल्या कानात जास्त ऐकू आला तर नसेचा प्रश्न असू शकतो, त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरला गाठा. दोन्ही कान बंद असतील तर ही तपासणी उपयोगाची नाही. आणि आवाज कुठल्याही बाजूला घुमला तरी, काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत एकदम ऐकू येणं कमी झालं असेल तर थेंब टाकत थांबू नका, तपासून घ्या.

याशिवाय सरळ जायचं ते असं: कान वाहतोय, रक्त येतंय, जोरात दुखतंय किंवा ताप आहे, गरगरतंय, तोंड एका बाजूला ओढलं जातंय. शुगर असलेल्या माणसाचा कान दुखत असेल तर एक दिवससुद्धा घरी काढू नका, त्यांच्यात इन्फेक्शन हाडापर्यंत जाऊ शकतं.

मुलाच्या कानात काही गेलं असेल तर तो मळाचा प्रकार नाही. घड्याळाची बारीक बटन बॅटरी असेल तर पाणी, तेल, थेंब काहीही न टाकता ताबडतोब हॉस्पिटल, कारण ती काही तासांत आतली कातडी जाळते. वाटाणा, चणा, चिंचोका असेल तरी पाणी नको, तो फुगतो आणि अडकून बसतो. जिवंत किडा असेल आणि पडदा चांगला आहे हे माहीत असेल तर थोडं साधं तेल टाकून त्याला मरू द्या, चिमट्याने ओढायला जाऊ नका.

३. थेंब: निम्मं काम इथेच होतं

आधी अपॉइंटमेंट घ्या आणि तिथून उलटे दिवस मोजा. शनिवारी जायचं असेल तर मंगळवारपासून थेंब सुरू. लोक उलट करतात, दोन दिवस थेंब टाकतात, बरं वाटलं नाही म्हणून सोडून देतात, आणि पंधरा दिवसांनी येतात तेव्हा मळ परत वाळलेला असतो. साधारण ३ ते ५ दिवस, दिवसातून दोन-तीन वेळा, आणि जायच्या दिवशी सकाळीसुद्धा.

कोणते थेंब? डॉक्टरांनी सांगितलेले सगळ्यात उत्तम. सोडा बायकार्ब म्हणजे खायच्या सोड्याच्याच जातीचे थेंब सौम्य असतात, पण कोरडेपणा आणतात. मेडिकलमध्ये जे सर्रास मिळतात त्यात पॅराडायक्लोरोबेंझीन, टर्पेंटाइन, क्लोरब्युटॉल आणि एक बधिर करणारं औषध असतं, ते मळ चांगला सोडवतात पण कधीकधी चुणचुणतात, म्हणून सांगितलेल्या दिवसांपेक्षा जास्त टाकायचे नाहीत. मेडिकलवाल्याला "कानाचे थेंब द्या" एवढंच सांगू नका, तो अँटिबायोटिकचे देईल आणि त्याने मळ तसाच राहील. "मळ विरघळवायचे थेंब" असं स्पष्ट सांगा आणि बाटलीवर वाचून घ्या. गेल्या वर्षीची उघडलेली बाटली टाकून द्या.

इशारा: पडद्याला भोक आहे, पूर्वी कान वाहायचा, कानाचं ऑपरेशन झालंय, किंवा मुलाच्या कानात नळी म्हणजे ग्रोमेट टाकलंय, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही थेंब नाही. लहानपणी कान फुटायचा पण आता बंद झालाय असं असेल तरी तेच, कारण वाहायचं थांबलं म्हणजे भोक बुजलं असं नसतं.

आता टाकायचे कसे:

बाटली आधी मुठीत धरून किंवा खिशात ठेवून चार-पाच मिनिटं कोमट करा. फ्रीजमधले किंवा थंडगार थेंब टाकले की गरगरतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. शेगडीवर किंवा गरम पाण्यात तापवू मात्र नका.

कुशीवर झोपा, बंद कान वर. बसून मान वाकडी करून टाकलेले थेंब निम्मे मानेवरून ओघळतात. मोठ्या माणसाचा कान वर आणि मागे ओढायचा, अगदी लहान मुलाचा खाली आणि मागे, म्हणजे नळी सरळ होते. चार-पाच थेंब सोडा, ड्रॉपरचं टोक कानाला लावू नका. मग कानाच्या भोकासमोर जो छोटा उंचवटा असतो तो बोटाने पाच-सहा वेळा हळू दाबा, त्याने थेंब आत उतरतात. आणि पाच ते दहा मिनिटं तसंच पडून राहा, इथेच घाई होते, मिनिटभरात उठतात आणि सगळं बाहेर येतं. उठल्यावर बाहेर आलेलं रुमालाने पुसा, आत कापूस कोंबू नका कारण तो सगळं औषध शोषून घेतो. दोन्ही कानांत टाकायचे असतील तर एक झाल्यावर दुसरा, एकदम नाही.

घाबरू नका: दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कान आणखी बंद होतो, ऐकू येणं अजून कमी होतं. मळ फुगलाय म्हणून तसं होतं, ते अपेक्षितच आहे. याच वेळेला लोक वैतागून बड्स घालतात आणि केलेलं सगळं वाया जातं. पण दुखायला लागलं, आग झाली, किंवा थेंब टाकल्यावर घशात कडवट उतरल्यासारखं वाटलं (म्हणजे पडद्याला भोक असण्याची शक्यता) तर थेंब बंद करा आणि डॉक्टरांना कळवा.

तेलाबद्दल जरा सविस्तर सांगते कारण घरोघरी हेच चालतं. लसूण टाकून कडकडीत तापवलेलं तेल कानात ओतून भाजलेले कान मी पाहिलेत. आणि आपल्याकडे पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की जूनपासून कानात बुरशी झालेले पेशंट वाढतात, खाज सुटते, आत भिजलेल्या टीपकागदासारखा राखाडी-पांढरा लगदा दिसतो, त्यात काळे ठिपके, आणि घरचे त्याला मळ समजून आणखी तेल ओततात. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालताना कानात तेल सोडायची पद्धत तर कृपा करून थांबवा, मालिश करणाऱ्या मावशींना प्रेमाने सांगा की अंगाला, डोक्याला हवं तेवढं चोळा, कानात नको. ज्याला दुसरं काही मिळतच नाही त्याने मेडिकलमधलं ऑलिव्ह ऑइल साधं, न तापवता, थेंबांच्या मापात वापरलं तर ते चालतं. स्वयंपाकघरातल्या बरणीतलं नको.

४. जायच्या दिवशी

उपाशी जाऊ नका आणि भरपेट जेवूनही जाऊ नका. चक्कर आली तर दोन्हींत त्रास होतो. बरोबर कोणीतरी असू द्या, विशेषतः म्हाताऱ्या माणसाला एकट्याने बाईकवर किंवा एसटीने पाठवू नका.

जुने कानाचे कागद, ऑडिओग्रामचा म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा ग्राफ, चालू गोळ्यांची पट्टी घेऊन जा. आणि विचारायची वाट न बघता पुढच्या गोष्टी स्वतःहून सांगा, आमच्याकडे गर्दीत एखादा प्रश्न राहून जातो:

पूर्वी कान वाहायचा का, ऑपरेशन झालंय का. शुगर आहे का. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन, यातलं काही (गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करून येऊ नका, फक्त सांगा). एकाच कानाने ऐकू येतं का आणि मळ त्याच कानात आहे का. मागच्या वेळेला मळ काढताना चक्कर किंवा बेशुद्धी आली होती का. किती दिवस आणि कोणते थेंब टाकले. आणि हो, कोरलंय का, तेही खरं सांगा. कोणी ओरडणार नाही, पण आत जखम आहे हे माहीत असेल तर पद्धत बदलावी लागते.

५. आधी बघणं, मग काढणं

डॉक्टर आधी ऑटोस्कोपने किंवा दुर्बिणीने आत बघतील. आजकाल बऱ्याच ठिकाणी स्क्रीनवर पेशंटलाही दाखवतात, बघून घ्या, मळाचा रंग पिवळ्यापासून काळ्यापर्यंत काहीही असू शकतो, काळा म्हणजे वाईट असं नाही. दोन्ही कान बघितले जायला हवेत, त्रास एकाच कानात असला तरी.

तपासून घ्या: कानात न बघता कोणी थेट पाण्याची पिचकारी उचलली तर थांबवा आणि "आधी बघाल का?" असं विचारा. हे विचारणं उद्धटपणा नाही.

रस्त्यावर, स्टेशनबाहेर छोटी पेटी आणि सळया घेऊन कान साफ करणारे बसतात, त्यांच्याकडे नेमकं हेच नसतं. आत काय आहे ते नीट दिसत नाही आणि तीच सळई एकाच्या कानातून दुसऱ्याच्या कानात जाते. ऑनलाइन मिळणाऱ्या कॅमेरावाल्या कानकोरण्यांचंही तेच, मोबाइलवर चित्र दिसतं पण खोली कळत नाही, आणि हात हलला की टोक सरळ पडद्यावर.

६. मळ काढायच्या तीन पद्धती, आणि तुम्हाला काय जाणवेल

कोणती वापरायची ते डॉक्टर ठरवतील, मळ कसा आहे आणि तुमचा कान कसा आहे त्यावर. कधीकधी एकाच बैठकीत दोन पद्धती लागतात.

पाण्याने धुणं म्हणजे सिरिंजिंग

तुम्ही खुर्चीत ताठ बसता, खांद्यावर टॉवेल, कानाखाली मानेला घट्ट टेकवून किडनी ट्रे म्हणजे पाणी झेलायचं वाकडं भांडं, तो बहुतेक तुम्हालाच धरायला देतात. पाणी शरीराच्या तापमानाएवढं म्हणजे ३७ अंशांच्या आसपास लागतं. हे फार महत्त्वाचं आहे, कारण पाणी थंड किंवा जास्त गरम असेल तर आतल्या तोल सांभाळणाऱ्या नळ्यांतलं द्रव हलायला लागतं आणि अख्खी खोली फिरते. म्हणून पाणी मनगटावर टाकून बघायला सांगितलं तर बघा, आणि सांगितलं नाही तरी "कोमट आहे ना?" असं विचारा.

धार पडद्यावर सरळ मारत नाहीत, नळीच्या वरच्या-मागच्या भिंतीवर मारतात, म्हणजे पाणी मळाच्या मागे जाऊन त्याला बाहेर ढकलतं. आवाज मोठा येतो, धबधब्याखाली कान धरल्यासारखा, थोडा दाब जाणवतो, पण दुखता कामा नये. दुखलं तर लगेच हात वर करा, डोकं झटकन बाजूला घेऊ नका, सगळ्या जखमा त्या झटक्यात होतात. आधीच ठरवून घ्या की हात वर म्हणजे थांबा.

ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेने २०१८ च्या मार्गदर्शिकेत हाताने दाबायच्या जुन्या पिचकारीने मोठ्या माणसांचे कान धुऊ नयेत असं सांगितलंय, कारण दाब किती पडतोय ते ताब्यात राहत नाही. तिथे दाब ठरवता येणारी मशीन वापरतात. आपल्याकडे अजून खूप ठिकाणी धातूची मोठी पिचकारी असते. अनुभवी हातात ती नीट चालते हे मी रोज बघते, पण तिचं पुढचं टोक घट्ट बसलेलं आहे ना हे आम्ही दर वेळी तपासतो, तुम्हीही नजर टाका.

पाण्याने कोणाचा धुवायचा नाही: पडद्याला भोक, चालू इन्फेक्शन, कानाचं ऑपरेशन झालेलं, ग्रोमेट असलेलं, आणि ज्याचा तो एकच ऐकणारा कान आहे. शुगरवाल्यांना शक्यतो पाणी टाळून दुसरी पद्धत, आणि पाणी वापरलंच तर नंतर कान पूर्ण कोरडा करणं आलंच.

दोन-तीन प्रयत्नांत मळ हलला नाही तर चांगला डॉक्टर थांबतो. कधी कानात पाणी टाकून पंधरा मिनिटं बसवून परत बघतात, कधी आणखी थेंब देऊन परत बोलावतात. "आत्ताच काढा हो" असा आग्रह धरू नका. घट्ट मळावर जोर केला की कातडी सोलते.

सक्शन

मला स्वतःला ही पद्धत सगळ्यात भरवशाची वाटते. तुम्ही आडवे झोपता, डॉक्टर मायक्रोस्कोपमधून किंवा दुर्बिणीतून बघत बारीक नळीने मळ ओढून घेतात. पाणी लागत नाही, म्हणून पडद्याला भोक असलेल्यांनाही चालते. आवाजाची मात्र तयारी ठेवा, अगदी कानाच्या आत व्हॅक्युम क्लीनर चालल्यासारखं वाटतं, शिट्टीसारखा बारीक आवाजही येतो. हवेने आत गार पडतं म्हणून क्षणभर गरगरू शकतं, तेव्हा डोळे उघडे ठेवून छताच्या एका ठिपक्याकडे बघा, मिनिटा-दोन मिनिटांत जातं. आवाज सहन होत नसेल तर सांगा, थोडं थोडं थांबून करता येतं. सक्शनला थेंब लागत नाहीत असं लोकांनी ऐकलेलं असतं, पण मऊ मळ दोन मिनिटांत येतो आणि घट्ट मळाला वीस मिनिटं लागतात, म्हणून थेंब टाकूनच या.

हुक आणि चिमट्याने

जॉबसन हॉर्न प्रोब नावाची बारीक सळई, मळाचा हुक, सुसरीच्या तोंडासारखा चिमटा, ही हत्यारं. बाहेरच्या बाजूचा कोरडा, मोठा तुकडा याने पटकन निघतो. नळीचा आतला भाग हाडाचा असतो आणि त्यावरची कातडी कागदासारखी पातळ, तिथे नुसता स्पर्श झाला तरी चमकतं आणि लगेच थोडं रक्त येऊ शकतं. खोकला आला तर दाबू नका, "खोकला येतोय" म्हणून हात वर करा, डॉक्टर हत्यार बाहेर घेतील, मग खोका.

लहान मुलांचं: मुलाला पालकाच्या मांडीवर आडवं बसवतात, मुलाचे पाय पालकाच्या दोन पायांत, एका हाताने मुलाचे दोन्ही हात मिठीत, दुसऱ्या हाताने डोकं छातीशी घट्ट. सैल धरू नका, दया म्हणून सैल धरलेल्या मुलालाच लागतं. "काहीच होणार नाही" असं खोटं सांगून आणू नका, "मोठा आवाज येईल, तू माझ्या मांडीवर असशील" असं सांगा. फारच घाबरणाऱ्या मुलाला किंवा मळ अगदीच दगड झाला असेल तर थोडी भूल देऊन काढावा लागतो, ते अपयश समजू नका.

७. उठायच्या आधी

लगेच उभे राहू नका, दोन मिनिटं बसा. आणि तीन गोष्टी विचारल्याशिवाय खुर्ची सोडू नका: सगळा मळ निघाला का? पडदा दिसला का आणि तो शाबूत आहे का? आत जखम किंवा बुरशी दिसली का? उत्तरं केसपेपरवर लिहून मागा, पुढच्या वेळेला दुसरा डॉक्टर असला तरी उपयोग होतो.

पाण्याने धुतलं असेल तर आतलं पाणी कापसाने किंवा सक्शनने टिपून कान कोरडा करून घ्यायला हवा, हे गर्दीत राहून जातं, आठवण करा.

सगळे आवाज एकदम मोठे वाटतात, स्वतःच्या पावलांचे, पंख्याचे, भांड्यांचे. एक-दोन दिवसांत सवय होते. पण मळ पूर्ण निघूनही ऐकू येणं तेवढंच कमी असेल तर घरी जाऊन वाट बघू नका, तिथेच ऑडिओमेट्री म्हणजे मशीनवरच्या ऐकण्याच्या तपासणीबद्दल विचारा. मळ आणि नसेची कमजोरी एकाच कानात दोन्ही असू शकतात, आजी-आजोबांमध्ये तर खूपदा असतात.

८. घरी गेल्यावरचे दिवस

पहिले तीन-चार दिवस कान कोरडा ठेवा. अंघोळीला कापसाच्या बोळ्याला व्हॅसलीन चोळून तो कानाच्या तोंडाशी बसवा, आत ढकलू नका, आणि अंघोळ झाली की काढून टाका, दिवसभर ठेवायचा नाही. विहिरीत, समुद्रात, तलावात पोहणं थांबवा. डोक्यावरून अंघोळ करायचीच असेल तर तांब्याने पाणी मागच्या बाजूने घ्या.

किंचित खाज, थोडं हुळहुळणं, बोळ्याला रक्ताचा पुसटसा डाग, एवढं चालतं. खाज आली की बोट, टॉवेलचं टोक, काहीही आत घालू नका, कारण आता मळाचा थर नाही आणि कातडी उघडी पडलीये, याच दिवसांत कोरल्याने इन्फेक्शन होतं. डॉक्टरांनी लिहून दिले असतील तरच थेंब. उरलेले मळाचे थेंब "असू दे, साफ राहील" म्हणून टाकत बसू नका.

परत कधी जायचं: दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय, कानातून पाणी किंवा पू येतोय, रक्त थांबत नाही, ऐकू येणं पुन्हा कमी झालं, गरगरणं काही तासांनीही जात नाही. शुगरवाल्यांनी एवढं लक्षात ठेवा, आठवड्या-दोन आठवड्यांनीसुद्धा कान रात्री जास्त ठणकायला लागला तर मळ काढून बरेच दिवस झालेत म्हणून त्याकडे दुर्लक्ष करू नका, लगेच दाखवा.

९. परत साठू नये म्हणून

बहुतेकांना एवढंच पुरतं की आत काही घालायचं नाही. अंघोळीनंतर टॉवेलच्या टोकाने कानाची पाळी आणि तोंडाची बाहेरची बाजू पुसायची, करंगळी जिथवर जाते त्याच्या पुढे काही नाही. कानात मेणबत्ती लावून मळ ओढायचा जो प्रकार मिळतो तो करू नका, त्याने काहीही ओढलं जात नाही, जळलेल्या मेणाचाच चुरा दिसतो आणि वर भाजायची भीती.

काहींचा कान निसर्गतःच अरुंद असतो, काहींच्या नळीत केस जास्त, काहींना म्हातारपणी मळ कोरडा पडतो, त्यांचा साठणारच. त्यांनी स्वतःला दोष देऊ नये, मागचा मळ कधी काढला ती तारीख लिहून ठेवावी आणि साधारण किती महिन्यांनी बंद होतो ते बघून त्याच्या आधीच दाखवावं. अशांना डॉक्टर कधीकधी ठरावीक दिवसांनी थेंब टाकायला सांगतात, पण ते त्यांच्या सांगण्यावरूनच.

श्रवणयंत्र लावणाऱ्यांनी तीन ते सहा महिन्यांनी कान दाखवावा. यंत्र शिट्टी मारायला लागलं किंवा आवाज कमी झाला की लोक आधी मशीनच्या दुकानात जातात, बॅटरी बदलतात, आवाज वाढवतात, आणि प्रश्न कानातल्या मळाचा असतो. येताना यंत्र बरोबर आणा, मळ काढल्यावर तिथेच लावून बघता येतं. त्याच्या टोकाला मळ अडवणारी बारीक पांढरी जाळी असते, तीही भरलेली असते बऱ्याचदा, ती बदलून घ्या, नाहीतर कान साफ होऊनसुद्धा आजींना पहिल्यासारखंच कमी ऐकू येतं आणि घरचे म्हणतात की मळ काढून काही फरक पडला नाही.